आम्ही हॉर्न वाजविला होता

तीन वर्षांपूर्वीची, जानेवारी महिन्यातील एक पहाट. इचलकरंजीत एका कुटुंबाच्या घरी मृताच्या स्मरणार्थ मिस्सा अर्पण करावयाची होती. साडेसहाची वेळ दिलेली होती आणि आम्हांला निघावयास दहा मिनिटे उशीर झाला होता. ऊसगाळपाचा हंगाम ऐन भरात होता, शेतांवर धुके उतरले होते. कबनूरच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या कडेने एक सायकलस्वार चाललेला दिसला. डोक्याला मफलर, कॅरियरला जेवणाचा डबा, मागे दिवा नाही. समोरून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत एक ट्रॅक्टर येत होता. आम्हांला दोनच मार्ग होते. ट्रॅक्टर निघून जाईपर्यंत सायकलच्या मागे थांबावे, अथवा मिळेल त्या फटीतून गाडी पुढे काढावी. आम्ही हॉर्न वाजविला. एकदा वाजविला, मग पुन्हा वाजविला. सायकलस्वार तसूभरही बाजूला सरला नाही. आम्ही गाडी पुढे घातली आणि गाडीचा डावा आरसा त्याच्या उजव्या कोपराला लागला.

तो रस्त्याखालच्या चरीत पडला. गाडी थांबवून आम्ही धावत मागे गेलो खरे, परंतु त्या वेळी आमच्या तोंडून जे पहिले वाक्य निघाले ते विचारपूस करणारे नव्हते. "हॉर्न ऐकू आला नाही का? मागे दिवा तरी लावायचा!" असे आम्ही म्हणालो. तो आमच्या ओठांकडे टक लावून पाहत राहिला आणि मग म्हणाला, "चुकलं साहेब. माझंच चुकलं."

सोबतच्या तरुणाच्या मदतीने त्याला गाडीत घालून आम्ही दवाखान्यात नेले. हासळीचे हाड मोडले होते. कसे लागले, असे डॉक्टरांनी विचारले. आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच तो म्हणाला, "सायकल घसरली." डॉक्टरांनी तसे लिहून घेतले. आम्ही शेजारी उभे होतो आणि गप्प राहिलो. पैसे भरले, आणखी काही नोटा त्याच्या खिशात सरकविल्या आणि मिस्सेला गेलो. उशिराचे कारण सोबतच्या तरुणानेच घरच्यांना सांगितले. वाटेत पडलेल्या एका अनोळखी माणसाला फादरांनी उचलून दवाखान्यात पोहोचविले, हे ऐकून त्यांनी आमचे कौतुक केले. ते कौतुक आम्ही नाकारले नाही.

दुपारी त्याचा पत्ता शोधीत आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. त्याच्या पत्नीने पाणी दिले, बसावयास चटई टाकली आणि शांतपणे विचारले, "दवाखान्यात तुमी गप का ऱ्हायलासा, फादर?" उत्तरादाखल आम्ही हॉर्नची हकिकत सांगू लागलो. ती मध्येच म्हणाली, "त्यास्नी हॉर्न ऐकू येत न्हाई. मागावर वीस वरसं झाली. कानात मागच वाजत ऱ्हातोय. पर तुमास्नी तर दिसत हुतं न्हवं?"

ह्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. ह्यात आमची कबुली आहे, परंतु केवळ कबुलीसाठी वाचकांचा वेळ घ्यावा असे आम्हांला वाटत नाही. रस्त्यावर रोज भेटणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्या हाती मोटारीचे चक्र असते आणि दुसऱ्याच्या पायाखाली सायकलचे पेडल असते. ह्या दोघांचे एकमेकांविषयी नेमके कर्तव्य काय, हा प्रश्न आम्हांला येथे मांडावयाचा आहे.

इचलकरंजी हे सायकलींचे गाव आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातार ह्यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे ह्यांच्या आश्रयाने तो उद्योग वाढला आणि पुढे ह्या गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणू लागले. आज येथे सुमारे लाखभर यंत्रमाग असतील. त्यांच्या भोवती सायझिंग, वहिफणी, कांडी, मेंडिंग, घडी अशी कितीतरी कामे चालतात. हे कामगार शहापूर, कबनूर, कोरोची, तारदाळ, चंदूर अशा भोवतालच्या गावांतून आणि वसाहतींतून कामावर येतात. आता पुष्कळांकडे मोटारसायकली आल्या आहेत. तरीही बारा-बारा तासांची पाळी सुटते त्या वेळी मलाबादे चौकात किंवा जनता चौकात क्षणभर उभे राहावे. डबा अडकविलेल्या, मडगार्ड खडखडणाऱ्या, सूत चिकटलेल्या कपड्यांतल्या माणसांना वाहून नेणाऱ्या सायकली अजूनही डोळ्यांत भरतात. त्याच वेळी त्याच रस्त्यावरून सुताची बाचकी आणि कापडाचे तागे भरलेले टेम्पो धावतात, बीम लादलेल्या गाड्या जातात आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या येतात. २०२२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, परंतु त्यामुळे रस्ते रुंद झाले नाहीत.

ह्या गर्दीत दोन गाऱ्हाणी नित्य ऐकू येतात. मोटारवाले म्हणतात, सायकलवाले उलट्या दिशेने येतात, हात न दाखविता वळतात, तिघे-तिघे गप्पा मारीत आडवे चालतात, रात्री दिवा लावीत नाहीत. सायकलवाले म्हणतात, मोटारवाले अंगावर गाडी घालतात, डोळ्यांवर प्रखर दिवे मारतात, रस्ता आपल्या वडिलांचा असल्यासारखे वागतात. दोन्ही गाऱ्हाणी खरी आहेत. आम्ही स्वतः ती दोन्ही आळीपाळीने केलेली आहेत. नव्वदच्या दशकात पुण्यात सेमिनरीत शिकत असताना आम्ही नगर रस्त्यावरून सायकलने कॅम्पात जात असू. सायकलींचे शहर म्हणून ख्याती असलेले पुणे त्या वर्षांत झपाट्याने स्कूटर-मोटारसायकलींचे शहर होत होते. मागून येणाऱ्या ट्रकचा वारा अंगावर आला की मोटारीत बसणाऱ्या समस्त मानवजातीविषयी आमच्या मनात जे विचार येत, ते उपासनेच्या वेळी आठवून लाज वाटे. पुढे धर्मग्रामाच्या कामासाठी आधी मोटारसायकल आणि मग गाडी हाती आली. पाहता पाहता सायकलस्वारांविषयी आमचे तसेच विचार होऊ लागले. माणूस तोच, श्रद्धा तीच, धर्मशिक्षणही तेच. बदलले होते ते फक्त बसण्याचे आसन. ह्यावरून एवढे तरी ध्यानात यावे की रस्त्यावरील आपला राग हा बहुधा न्यायबुद्धीतून उपजलेला नसतो. आपल्या वाटेत जो येतो, त्याच्यावर तो निघतो.

ह्या वादावर सुज्ञ लोक सामान्यतः एक समन्वयाचे उत्तर देतात. नियम सर्वांना सारखे आहेत, दोघांनीही ते पाळावेत, म्हणजे तंटा मिटेल. हे उत्तर ऐकावयास रास्त वाटते आणि आम्हीही पुष्कळ वर्षे तेच देत आलो. आता मात्र ते आम्हांला अपुरे वाटते. नियम सारखे असले तरी चुकीची किंमत सारखी नसते. त्या पहाटे सायकलस्वाराने दिवा न लावण्याची चूक केली आणि आम्ही फटीतून गाडी घालण्याची चूक केली. आमच्या आरशाची काच तडकली. त्याचे हाड मोडले, दोन महिने माग सुटला आणि त्याबरोबर मजुरीही सुटली. चुका दोघांच्या धरल्या, तरी त्या दोन्हींचा दंड भरला तो एकट्याने.

ह्यात पदार्थविज्ञानाचाही भाग आहे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर अंतर कापते. धोका डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढा रस्ता संपलेला असतो. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि दहापैकी सात मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता. ह्या मृतांत सायकलस्वार चार हजारांहून अधिक होते आणि पायी चालणारे त्यांच्या कितीतरी पट होते. सायकलच्या धडकेने मोटारीतला माणूस मेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या न्यायविचाराचा पाठ आम्ही सेमिनरीत घोकला होता. ज्याचे जे देणे आहे ते त्याला देण्याची अढळ इच्छा म्हणजे न्याय, असा त्याचा आशय आहे. मग सायकलस्वाराचे आमच्याकडे देणे काय? त्या पहाटे आम्ही जर त्याच्या मागे थांबलो असतो, तर मनातल्या मनात आम्ही स्वतःला सभ्य मानले असते. आपण त्याच्यावर उपकार केला, अशी आमची समजूत झाली असती. खरी गफलत येथेच आहे. रस्त्याचा तेवढा तुकडा त्याच्या हक्काचा होता. त्याच्यामागे थांबणे ही दया नव्हती, ते देणे होते. न्यायाने जे द्यावयाचे ते आपण दयेच्या खात्यावर मांडतो आणि मग घाई असली की दया करणे आज परवडत नाही, असे सहज म्हणून मोकळे होतो.

ज्याच्या हाती इजा करण्याचे सामर्थ्य अधिक, त्याच्यावर जबाबदारीही अधिक, हे तत्त्व आता काही देशांनी शब्दांत मांडले आहे. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत जानेवारी २०२२ मध्ये ते अगदी आरंभीच घालण्यात आले. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांच्या हत्या थांबवा अशी घोषणा त्यांनी दिली आणि तेथील रस्त्यांचा इतिहास पालटला. आज तेथील कायद्यात मोटार आणि सायकल ह्यांच्या अपघातात भरपाईचा भार मुख्यत्वे मोटारवाल्यावर असतो. आपला कायदाही ह्या विचाराला पारखा नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातात मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाल्यास चूक कोणाची हे सिद्ध न करताही ठराविक भरपाई मागता येते. दुबळ्याने आधी आपले निर्दोषत्व शाबीत करावे आणि मग मदत मागावी, हा उलटा न्याय त्यामुळे काही अंशी सुलटा झाला आहे.

येथे आमच्या गप्प राहण्याचा खरा अर्थ उघड होतो. "सायकल घसरली" ह्या दोन शब्दांनी आमची बेअब्रू वाचली, परंतु त्या माणसाचा भरपाईचा हक्क बुडाला असता. आमच्या गाडीचा विमा होता. तो असाच प्रसंग पडला तर तिसऱ्या माणसाला आधार मिळावा, म्हणून कायद्याने सक्तीचा केलेला असतो. त्याच्या खिशात घातलेल्या नोटा त्या हक्कापुढे काहीच नव्हत्या. किंबहुना त्या नोटांनी आम्ही आमचेच मौन विकत घेतले होते. आणि तो का खोटे बोलला? साहेब लोकांच्या भानगडीत सापडलो तर आपलेच अधिक नुकसान होईल, हे त्याला आयुष्याने शिकविले होते. त्याचे खोटे बोलणे भीतीतून आले होते आणि आमचे गप्प राहणे सोयीतून आले होते. ही दोन्ही पापे एका मापाची नाहीत.

त्याच सायंकाळी आम्ही डॉक्टरांकडे परत गेलो आणि घडले ते सांगितले. मग पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. अपघातानंतर जखमीला उपचार मिळवून देणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना खबर देणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. म्हणजे आम्ही फार मोठे शौर्य केले असे नाही. पुढे विम्याचे पैसे त्याला मिळाले, पण त्यासाठी बरेच हेलपाटे घालावे लागले. त्यांतले काही आम्ही त्याच्याबरोबर घातले.

येरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या रस्त्यावरील त्या जखमी माणसाचा दृष्टांत वाचकांना सांगावयास नको. त्याला पाहून जो प्रथम दुसऱ्या बाजूने निघून गेला, तो याजक होता. ह्या याजकावर आम्ही आजवर किती प्रवचने झोडली, ह्याची गणती नाही. परंतु त्याने निदान त्या माणसाला जखमी केलेले नव्हते. आम्ही जखमी केले, उचलून नेले आणि वर शोमरोनी म्हणून कौतुक पदरात पाडून घेतले.

आता त्या हॉर्नकडे वळू. यंत्रमागाच्या कारखान्यातला आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे असतो. वर्षानुवर्षे त्या खडखडाटात उभे राहणाऱ्यांची श्रवणशक्ती हळूहळू क्षीण होते आणि तीक्ष्ण, उंच पट्टीचे आवाज सर्वांत आधी नाहीसे होतात. आपल्या अंगावरचे कापड ज्यांच्या कानांच्या मोलाने विणले गेले, त्यांना हॉर्न ऐकू येत नाही म्हणून आपण बहिरट म्हणतो. पण समजा, त्याचे कान शाबूत असते, तरी हॉर्नने आमचे कर्तव्य पुरे झाले असते काय? हॉर्न म्हणजे सूचना आहे. आपण मात्र त्याला आज्ञा समजतो. आम्ही तो वाजविला त्याच क्षणी सरकण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकून मोकळे झालो. ब्रेकच्या जागी आम्ही हॉर्न वापरला. ब्रेक दाबला असता तर आमचा वेळ गेला असता, हॉर्न दाबल्याने त्याचा हात गेला. "तुमास्नी तर दिसत हुतं न्हवं?" ह्या साध्या प्रश्नाचा आशय हाच आहे. ज्याला दिसते, त्याने न ऐकणाऱ्याची वाट पाहावयाची असते.

अपघात हा शब्दही आपण फार सैल वापरतो. वीज कोसळावी किंवा दरड ढासळावी, तसे काहीतरी आकाशातून आले, अशी छटा त्यात असते. त्यावर दैवाचा शिक्का मारला की विषय संपतो. वस्तुतः आम्हांला त्या माणसाला इजा करावयाची इच्छा नव्हती, हे खरे. परंतु इजा होऊ शकेल हे दिसत असताना तो धोका पत्करण्याची इच्छा होती, हेही तितकेच खरे. आणि हा धोका आम्ही पत्करला तो स्वतःच्या शरीरावर नव्हे, त्याच्या शरीरावर. नीतिशास्त्रात अशा कृतीला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या घटनापत्रात वेगमर्यादेसारखे नियम तुच्छ लेखून स्वतःचे व इतरांचे प्राण धोक्यात घालणाऱ्यांचा आवर्जून उल्लेख केला आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात, नशा करून अथवा वेगाच्या मोहाने दुसऱ्यांची सुरक्षितता धोक्यात घालणे हा गंभीर अपराध मानला आहे आणि तो मनुष्यहत्येस मनाई करणाऱ्या पाचव्या आज्ञेच्या विवेचनात येतो. २००७ साली व्हॅटिकनच्या एका परिषदेने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. वाहन हे सत्ता गाजविण्याचे साधन होऊ नये, दुबळ्याचे रक्षण करावे, अपराधी चालक आणि जखमी माणूस ह्यांना योग्य वेळी एकत्र आणून क्षमेचा अनुभव घडवावा, असे त्यांत सांगितले आहे. तरीही पापनिवेदनाच्या वेळी गाडी बेफाम चालविल्याचे पाप कोणी क्वचितच सांगतो. आम्हीही ते कधी सांगितले नव्हते.

एवढे म्हटल्यावर सर्व दोष चालकाच्या माथी मारून थांबणे अन्यायाचे होईल. टेम्पो हाकणारा तरुण बहुधा गाडीचा मालक नसतो. त्याला खेपेवर पैसे मिळतात. दिवसात एक खेप कमी झाली तर घरात तेवढी भाजी कमी येते. उसाच्या ट्रॅक्टरचा चालक रात्र रात्र जागून कारखान्याच्या दारात रांगेत उभा असतो. त्याच्या वेगात आणि त्याच्या डुलकीत मालकाच्या हिशेबाचा, माल लवकर हवा म्हणणाऱ्या व्यापाऱ्याचा आणि खड्डा न बुजविणाऱ्या यंत्रणेचाही वाटा असतो. जानेवारी २०२४ मध्ये देशभर वाहनचालकांनी चाके थांबविली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे वाचकांना आठवत असेल. अपघात करून पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद नव्या न्याय संहितेत होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते उपकलम स्थगित ठेवण्यात आले. आम्ही पळालो नाही तर जमाव आम्हांला ठार मारील, असे चालक त्या वेळी सांगत होते. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. जमाव हात उगारतो म्हणून चालक पळतो. चालक पळतो म्हणून जखमी तेथेच तडफडत राहतो. न्यायाच्या नावाने उठलेला हात अशा रीतीने जखमीच्याच जिवावर उठतो. बघ्यांनाही आता पोलिसांचा धाक बाळगण्याचे कारण उरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि कायद्याने २०१९ साली जखमीला मदत करणाऱ्यास संरक्षण दिलेले आहे.

सायकलस्वारांनाही आम्हांला काही सांगावयाचे आहे. पूर्वी गावोगावी सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असे आणि रात्री दिवा नसला की पोलीस अडवी. डबलसीट बसलेली मुले शिपाई दिसताच उतरून चालू लागत. त्या धाकात थोडा जाच होता, परंतु दिसणे हे कर्तव्य आहे एवढे त्यातून रुजले होते. मागच्या मडगार्डला चमकणारी पट्टी लावावयास फार पैसे पडत नाहीत. ती लावावयाची ती स्वतःच्या जिवासाठी, आणि मागून येणाऱ्यासाठीही. ज्याच्या हातून माणूस मरतो, त्याचे पुढचे आयुष्य त्या एका क्षणाभोवती फिरत राहते. असे अनेकजण आम्ही जवळून पाहिले आहेत. अंधारात अदृश्य होऊन दुसऱ्याला नकळत मारेकरी होऊ देणे, हाही एक अन्यायच आहे. शिवाय सामर्थ्याचे तत्त्व मोटारीपाशी संपत नाही. चौकात काठी टेकीत रस्ता ओलांडणाऱ्या आजीपुढे सायकलस्वार हाच बलवान असतो. आपल्याला टेम्पोवाल्याने जसे वागवावे असे वाटते, तसे त्याने तिला वागवावे.

मग करावयाचे काय? फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेने असे सुचविले की जेथे माणसे आणि मोटारी एकाच रस्त्यावर मिसळतात, तेथे ताशी तीस किलोमीटर ही मर्यादा असावी. पाळी सुटण्याच्या वेळी आपल्या चौकांत एवढे जरी झाले, तरी पुष्कळ घरांतले डबे रिकामे होऊन सुखरूप परत येतील. ट्रॉलीच्या मागे चमकणारे कापड, सायकलला पट्टी, रस्त्याच्या कडेची खडी उचलून सायकलींसाठी मोकळी ठेवलेली दोन हात जागा, ह्यांतली एकही गोष्ट अशक्य कोटीतली नाही. आमच्या धर्मग्रामात आम्ही ख्रिस्तजयंतीपूर्वी सायकलींना पट्ट्या लावून देतो आणि नव्या गाडीला आशीर्वाद मागण्यास कोणी आले की त्याच्याकडून आधी एक वचन घेतो. समोर सायकल असेल आणि जागा नसेल, तर हॉर्न न वाजविता थांबेन, असे ते वचन आहे. काहीजण हसतात, परंतु देतात.

तो माणूस पुन्हा मागावर जाऊ लागला आहे. हाड जुळले, कानांचे मात्र काही होण्यासारखे नव्हते. आम्ही क्षमा मागितली तेव्हा तो संकोचला आणि त्याने विषय बदलला. त्याची पत्नी मात्र म्हणाली, "आता आलासा की च्या घेऊन जावा." आम्ही ती क्षमा समजलो.

अलीकडे कबनूरच्या त्याच रस्त्यावर पहाटे पुन्हा तसाच योग आला. पुढे सायकल, समोरून ऊस, डाव्या बाजूला चर. ह्या वेळी आम्ही गाडी सावकाश केली आणि मागे राहिलो. आमच्या मागच्या टेम्पोने हॉर्नचा धडाका लावला. मनातल्या मनात आकडे मोजले, ते अठरापर्यंत गेले. ट्रॅक्टर निघून गेला, रस्ता मोकळा झाला आणि आम्ही पुरेशी जागा सोडून पुढे गेलो. आपल्यासाठी कोणी थांबले होते, हे त्या सायकलस्वाराला कळलेही नसावे. त्याने मान वळविली नाही. तो आपल्या पाळीला चालला होता.